वीस गुंठे पोटखराब

बाईंचं पाऊल अडीच फुटांचं होतं. नेमकं अडीच. एकदा त्यांच्या नकळत ऑफिसच्या व्हरांड्यातल्या फरशांवरून मी ते ताडून पाहिलं होतं. गंगापूर रोडवरच्या आमच्या कॉलेजच्या फाटकापासून चहाच्या टपरीपर्यंत एकशे चौदा पावलं होत. पावसाळ्यात टपरीवाल्याने गाडी पलीकडे सरकवली आणि ती एकशे एकतीस झाली. "सतरा पावलांनी चहा महागला," बाई म्हणाल्या आणि आठवडाभर घरून थर्मास आणला.

त्या सरकारी मोजणी खात्यातून निवृत्त झाल्या होत्या. तीस-बत्तीस वर्षं जिल्ह्यातली शेतं, बांध आणि भावाभावांची भांडणं मोजल्यावर माणूस घरी बसतो. बाई आमच्याकडे आल्या. आमच्याकडे म्हणजे कॉलेजच्या एका छोट्या प्रकल्पावर. उपग्रहाच्या चित्रांवर जुन्या वस्त्यांच्या जागा हुडकायच्या, प्रत्यक्ष जाऊन त्या पाहायच्या आणि नांगर, जेसीबी, प्लॉटवाले यांच्या तोंडी जाण्याआधी त्यांची नोंद करून ठेवायची, असं ते काम. मी त्यातला चित्रं बघणारा. त्याआधी मी बिल्डरांसाठी लेआउटचे नकाशे काढत असे, म्हणजे अशाच जागा पुसण्याचं काम करत होतो म्हणा ना. मला एसी आणि खुर्ची आवडते. बाईंना दोन्हींची चीड होती.

"काय वरचे साहेब, आज आकाशातून काय दिसलं?" सकाळी आल्या आल्या त्यांचा हा प्रश्न. आवाज असा की शेजारच्या वर्गातला तास थांबावा. त्या देवळाली कॅम्पात वाढलेल्या. वडील छावणीत कामाला होते. तोफांचा सराव चालू असताना घरात जे बोलायचं ते ओरडूनच बोलायचं, आणि धडाका झाला की वाक्य अर्ध्यावर थांबवायचं, ही त्यांची लहानपणापासूनची सवय. ऑफिसात तोफा नव्हत्या, तरी बाई वाक्याच्या मध्येच थांबत. नव्या माणसाला वाटायचं, विसरल्या. विसरत काही नसत.

आमच्या कामाची मेख साधी आहे. जुनी वस्ती पडली की तिच्या मातीच्या भिंती, चुलींची राख, शेण, सगळं शेकडो वर्षं मुरून तिथली माती पांढुरकी होते. काळ्या रानात असं पांढरीचं टेकाड असलं की उपग्रहाच्या चित्रात फिकट डाग दिसतो. मी डाग शोधायचा आणि बाईंनी चालून यायचं. मी पहिल्याच महिन्यात एक झकास डाग शोधला. लांबट गोल, कडा स्वच्छ, जवळ ओढा. प्रकल्प चालवणाऱ्या आमच्या सरांना मी छाती पुढे काढून सांगितलं की ही वस्ती अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची असणार. बाई आणि मी तिथे पोचलो तर ते लग्नाच्या लॉन्सचं पार्किंग होतं. आत लग्न चालू होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई मात्र शांतपणे आत गेल्या, अक्षता टाकल्या, जेवल्या, मलाही जेवायला बसवलं. परत आल्यावर त्यांनी नोंदीच्या फॉर्मवर आपल्या हाताने लिहिलं : 'स्थिती उत्तम. मठ्ठा पातळ.' तो फॉर्म सरांनी बरेच दिवस ऑफिसच्या भिंतीवर लावून ठेवला होता.

उपग्रहाबद्दल त्यांचं मत ठरलेलं होतं. "तो खोटं बोलत नाही, पण त्याला काही कळतही नाही. कळायला खाली यावं लागतं." गावात गेल्यावर त्या पारावरच्या पुरुषांकडे ढुंकूनही बघत नसत. सरळ एखाद्या घरासमोर जायचं, भिंतीवर हात फिरवायचा आणि म्हातारीला विचारायचं, "आजी, सारवायला पांढरी माती कुठून आणता?" म्हातारी हात करायची त्या दिशेला हमखास टेकाड सापडायचं. माझ्या सॉफ्टवेअरला जे डाग दिसले नव्हते ते बाईंनी अशा भिंतींवरून काढले. मला त्याचा थोडा राग यायचा. मग बाई त्या टेकाडाभोवती पावलांनी फिरायच्या, आकडा लिहायच्या आणि उलट दिशेने पुन्हा फिरायच्या. "एकदा मोजलेलं मोजलेलं नसतं," असं म्हणत. खापर उचललं तर पाहून झाल्यावर जिथून उचललं तिथेच परत ठेवत.

टेप त्या बाहेर काढत नसत. ओळखपत्र गळ्यात घालत नसत, आणि गावाचं नाव जागेच्या नोंदीखेरीज कुठेही, कुणापुढे उच्चारत नसत. मीही इथे लिहीत नाही, ती सवय त्यांचीच लागली. आणि चुना. चुन्याच्या बाबतीत त्या फार कडक होत्या. "साहेब, मी आयुष्यभर चुन्याच्या रेघा मारल्यात. शेतकऱ्याला साप दिसला तरी तो एवढा घाबरत नाही. चुना दिसला की त्याला रस्ता दिसतो, कॅनॉल दिसतो, आपली जमीन गेलेली दिसते. आपण आपले खुणेला दगड ठेवायचे." मी हो म्हणायचो.

आता पोटखराबाचं. शेतातला जो तुकडा पिकाच्या कामाचा नसतो, खडक, नाला, टेकाड, तो सातबाऱ्यावर पोटखराब म्हणून लागतो. बाई नोकरीला नव्यानेच लागल्या होत्या तेव्हा कादवा नदीच्या काठच्या एका गावात त्यांनी एक शेत मोजलं. मध्ये वीस गुंठ्यांचं पांढुरकं टेकाड होतं. शेताचा म्हातारा मालक मोठ्या उत्साहाने त्यांना तिथे घेऊन गेला, चहा पाजला, आणि धोतराच्या सोग्यातून एक लाल खापर काढून दाखवलं. त्यावर काळ्या रेघांची नक्षी होती. बाई त्याला म्हणाल्या, "खापरं कसली जपता, बाबा?" आणि ते बांधापलीकडे फेकून दिलं. वहीत लिहिलं : पोटखराब, वीस गुंठे. खाली सही.

निवृत्तीच्या वर्षी त्या कसल्याशा दाखल्यासाठी आमच्या कॉलेजात आल्या होत्या. तिथे आमचं प्रदर्शन मांडलेलं होतं. काचेच्या पेटीत तसंच लाल खापर होतं, तशाच काळ्या रेघा, आणि खाली चिठ्ठी होती की हे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीतलं आहे. बाई त्या पेटीपुढे इतका वेळ उभ्या राहिल्या की शिपाई खुर्ची घेऊन आला. दुसऱ्या दिवशी सरांकडे जाऊन म्हणाल्या, "मला कामावर घ्या. पगाराचं नंतर बघू. मी एका गावाला खराब लिहून बसलेय, ते मला दुरुस्त करायचंय."

त्यांना ते टेकाड यादीत आणायचं होतं. नीट मोजून, नकाशासकट, आपल्या हाताने. एवढं एकच त्यांचं मागणं होतं, बाकी सगळं काम त्या त्यासाठीच करत होत्या. लवकर का उरकत नाही असं मी विचारलं तर म्हणत, "आधी हात बसू दे. पहिल्यांदा घाई केली होती ना."

हात बसेपर्यंत गुडघे गेले. ज्या आठवड्यात त्या टेकाडाची पाळी आली त्याच आठवड्यात डॉक्टरांनी बाईंना पंधरा दिवस जिना उतरायचा नाही म्हणून सांगितलं. ड्रोनवाला दोनच दिवस मोकळा होता. बाई फोनवर म्हणाल्या, "तुम्ही फोटो काढून या. चालायचं माझ्यावर ठेवा. आणि साहेब, दगड."

ड्रोनच्या फोटोवरून केलेला नकाशा जमिनीशी जुळायचा तर कोपऱ्यांवर वरून दिसेल अशी ठसठशीत खूण लागते. मी दगडांना पांढरा कागद गुंडाळला. वारा सुटला होता. दोनदा कागद उडाले, तिसऱ्यांदा ड्रोनवाल्याने घड्याळ पाहिलं. गावातल्या दुकानातून मी चुन्याची पिशवी आणली, टेकाडाभोवती सहा ठिकाणी हातभर लांबीच्या फुल्या मारल्या आणि अर्ध्या तासात काम संपवलं. फोटो सुंदर आले. संध्याकाळी चार लोक बांधावर उभे राहून फुल्यांकडे बघत होते. मी त्यांना हात केला. त्यांनी केला नाही.

पंधरा दिवसांनी मी आणि बाई एसटीने गेलो. फाट्यावरून चालत निघालो. बाई गुडघ्याला पट्टा बांधून, पावलं मोजत, मजेत होत्या. वळणावर त्या थांबल्या. मला वाटलं, बोलता बोलता थांबतात तसंच. टेकाड नव्हतं. त्या जागी सपाट, फिकट जमीन होती आणि तिच्यात चौकोनी खड्ड्यांच्या सरळ रांगा होत्या. बांधाजवळ एक फुली तेवढी उरली होती.

"चुना कोणी मारला?"

"मी," मी म्हणालो.

मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं होतं, आणि जमीन तर समोर शहाण्णव ठिकाणी उघडी पडली होती.

मालक लगबगीने आला. त्या खापरवाल्या म्हाताऱ्याचा मुलगा, आता स्वतःच पन्नाशीपुढचा, गाव त्याला अण्णा म्हणतं. त्याने आम्हाला नमस्कार केला, आधी बाईंच्या पिशवीकडे बघितलं, मग हळूच विचारलं, "ताई, आमच्याच अंगानं जाणार हाय ना? का सरकलाय?"

"काय?"

"रस्ता! कुंभमेळ्याचा. फुल्या मारून गेले ना लोक. वरून ते घोंगावत बी होतं. सगळं गाव बोलतंय. पडीक रानाला काय देत्यात? झाड असलं तर झाडं मोजून देत्यात. म्हणलं टेकाड काढू आन् आंबा लावून टाकू. तीन दिस जेसीबी चालला. परवा रोपं येऊ राहिली."

"अण्णा, रस्ता नाही," बाई म्हणाल्या. "हे साहेब आले होते ते जुनी खापरं बघायला."

अण्णांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "खापरं? तीन दिस मशीन लावलं मी! मग हे केलं कशापायी?"

मी माफी मागायला तोंड उघडलं, पण बाईंनी हाताने थांबवलं. अण्णांना त्या म्हणाल्या, "तुमच्या जागी मी असते तर हेच केलं असतं. एवढी वर्षं लोकांना हेच करताना बघत आलेय." आणि मग माझ्या खांद्याला धरून, एक एक गुडघा टेकवत, त्या पहिल्या खड्ड्याच्या काठावर बसल्या. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल. बराच वेळ आत बघत राहिल्या.

"इकडे ये," त्या म्हणाल्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला 'ये' म्हणाल्या होत्या. "ही बघ राखेची रेघ. ही खाली भाजलेली जमीन, घरातली. खाली परत राख. तुझ्या सरांनी दहा वर्षं अर्ज केले असते तरी एक खड्डा खणायची परवानगी मिळाली नसती. इथे किती आहेत?"

"आठ रांगा, बारा-बारा. शहाण्णव."

"अण्णा, रोपं परवा ना? मला दोन दिवस द्या."

त्या दोन दिवसांत मी आयुष्यात खाल्लं नव्हतं एवढं ऊन खाल्लं. खड्डा ते खड्डा पंधरा फूट, म्हणजे बाईंची सहा पावलं. त्या काठावर बसून सांगायच्या, मी आत उतरून पट्टी धरायचो, फोटो काढायचो आणि आलेखाच्या कागदावर लिहायचो. राख किती खाली, जमीन किती खाली, हाड, दाणे, खापर. वरचा अर्धा इतिहास जेसीबीने ओढ्यात ढकलला होता. खालचा अर्धा या खड्ड्यांच्या भिंतींवर शिल्लक होता. पहिल्या दुपारी अण्णांची बायको भाकरी घेऊन आली आणि उगीच बघत उभी राहिली. तासाभराने ती प्रत्येक खड्ड्याच्या मातीतली खापरं वेचून त्याच खड्ड्याच्या काठाला मांडत होती. कुणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या रांगेपर्यंत अण्णाही आले. काळ्या रेघांचं खापर मिळालं की ते बाईंना आणून द्यायचे. बाईंनी या खेपेला त्यातलं एकही फेकलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, पाचव्या रांगेतल्या सातव्या खड्ड्याच्या भिंतीत दोन मडकी दिसली. आडवी, तोंडाला तोंड लावलेली, हाताच्या लांबीएवढी. एकाला बाजूने तडा गेला होता. मला ती काय आहेत ते माहीत होतं. सरांनी फोटो दाखवले होते. त्या काळी तान्हं मूल गेलं की त्याला असं दोन मडक्यांत ठेवून घराच्या जमिनीखाली पुरत.

बाईंनी ते सांगितल्यावर अण्णांच्या बायकोने डोक्यावरचा पदर सारखा केला. "आमच्यात बी लहान लेकराला जाळीत नाय," ती म्हणाली. "पुरत्यात. पन घरात?"

"घरातच. चुलीपासून लांब नाही बघा. ती राख तिथंच आहे."

ती खाली बसली. "लांब नेववलं नसंल आईला," ती म्हणाली.

मला रडू आलं. खोटं कशाला सांगू. मी त्या खड्ड्यात उभा होतो आणि चुन्याची पिशवी माझ्या हातात अजून आहे असं मला वाटत होतं.

सरांना फोन लावला. सर म्हणाले, मडकी काढून आणा, नाहीतर जातील. बाईंनी फोन मागून घेतला. "सर, काढणं आम्हाला येत नाही. आम्हाला मोजता येतं. फोटो झाले, मोजमाप दोनदा झालं. बाकी इथेच राहू दे." सर बराच वेळ बोलत होते. बाईंनी फोन कानापासून लांब धरला आणि अण्णांना विचारलं, "एवढ्या एका खड्ड्यात झाड न लावता तो बुजवाल?"

अण्णा रांगेकडे बघत होते. शेतकरी माणूस, रांग तुटलेली त्याला बघवत नाही. "ताई, झाडाची मुळं ती, शेजारच्याची बी येतीलच की..."

"नाय लावनार," त्यांची बायको म्हणाली आणि आपल्या हातांनी माती लोटायला लागली.

ऑफिसात येऊन मी नोंद भरायला बसलो. शहाण्णव खड्ड्यांची नोंद, आमच्या यादीत तिच्याइतकी भरगच्च दुसरी नाही. स्थिती : वरचा भाग नष्ट. मग 'नुकसानीचं कारण' हा रकाना आला. त्यात पर्याय ठरवून दिलेले होते : शेती, रस्ता, बांधकाम, माती उचलणं, चोरी. मी 'शेती' निवडलं.

"खोटं लिहू नकोस," बाई मागून म्हणाल्या. "अण्णांच्या डोक्यावर कशाला? नवा पर्याय घाल."

"काय घालू?"

"मोजणी."

"बाई, तुम्ही नका त्यात येऊ. चुना माझा होता."

"तू पंधरा दिवसांपूर्वी मोजलंस. मी आधी मोजलं होतं. मी तेव्हाच नीट लिहिलं असतं तर ते टेकाड कधीच यादीत असतं." मग त्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "एकच शब्द आहे. दोघांना पुरेल."

यादीत तो पर्याय अजून आहे. नवी मुलं कामावर आली की विचारतात हा कशासाठी, मग मी त्यांना चुन्याची गोष्ट सांगतो. माझ्या गाडीच्या डिकीत आता कायम बारा दगड असतात, रंगवलेले.

बाईंनी त्यानंतर काम सोडलं. गुडघे हे कारण खरंच होतं. देवळाली कॅम्पातल्या घरी मी अधूनमधून जातो. दारापासून खुर्चीपर्यंत त्यांची आता नऊ पावलं होतात, पूर्वी सहा व्हायची, हे त्यांनीच मला सांगितलं. मागच्या वर्षी तिथे बसलेलो असताना अण्णांचा फोन आला. बाईंनी सवयीने तो मोठ्या आवाजावर लावला. जमीन लागवडीखाली आली म्हणून अण्णांनी सातबारा दुरुस्त करून घेतला होता.

"ताई, पोटखराब काढून टाकलं बघा कागदावरनं. तुमच्या हातचं व्हतं म्हनं ते!"

बाई हसल्या. मग त्यांचे डोळे भरून आले, आणि ते त्यांनी लपवले नाहीत. "मला खोडायचंच होतं, अण्णा. पण असं नाही." बाहेर कुठेतरी तोफ वाजली, त्या थांबल्या. "सगळं काढलं?"

"कागदावर सगळं. रानात एक सोडून."

"तेवढं पोटखराब राहू द्या," बाई म्हणाल्या.

यंदा दिवाळीनंतर आकाश निवळल्यावर नवीन चित्रं आली. इतके दिवस ती रोपं वरून दिसण्याइतकी मोठी नव्हती. या वेळी फिकट जमिनीवर हिरव्या ठिपक्यांच्या आठ रांगा दिसल्या. मी बाईंना फोन केला. मोबाइलवर चित्र पाठवतो म्हणालो तर नको म्हणाल्या, एवढ्याशा काचेत त्यांना काही दिसत नाही.

"मोज," त्या म्हणाल्या.

मी फोन कानाला धरून पडद्यावर बोट ठेवत रांगेने मोजलं. पाचव्या रांगेत सातव्या ठिकाणी बोट मोकळ्या जमिनीवर टेकलं. मी पुढे गेलो.

"मोजलं."

"परत मोज. उलटीकडून."

मी उलटीकडून मोजलं. पलीकडे तोफांचा सराव चालू होता, एक धडाका फोनमधून मलाही ऐकू आला.

"पंच्याण्णव," मी म्हणालो.

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.